साताऱ्यात रोजच्या वापराला स्पोर्ट्स कार : नक्की काय अडतं?

वळणवेडा (धागाकर्ता)
सेकंडहँड घ्यायची आहे. यादीत तीन : पोर्शे ९११ कॅरेरा (९९२ पिढीची), पोर्शे ७१८ केमन आणि बीएमडब्ल्यू एम३४०आय. घर गोडोलीत, काम एमआयडीसीत, आठवड्यातून एकदा पुणे, महिन्यातून एकदोनदा वाई-पाचगणी. घरात दुसरी साधी गाडी आहे, त्यामुळे लग्नाचं सामान आणि गव्हाची पोती तिच्यात जातील. "घेऊ नकोस" सांगणारे घरात पुरेसे आहेत, त्याची भर नको. कुठे अडेल, कशामुळे आणि त्यावर उपाय काय, तेवढं सांगा.

टॉर्करेंच_११
पहिली अडचण गाडीच्या पोटाची, म्हणजे खालच्या भागाची. इंजिन किती ताकदीचं, याच्याशी तिचा संबंध नाही.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:९९ प्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंमी उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा हवा. तो २५ किमी वेगासाठी आखलेला आहे. आता गणित करा. दोन्ही चाकं गतिरोधकावर असताना मधला उंचवटा पोटाकडे किती येतो? व्हीलबेसचा (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचा) वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. ९११ चा व्हीलबेस २४५० मिमी, म्हणजे ४४ मिमी. केमनचा २४७५, म्हणजे ४५. एम३४०आयचा २८५१, म्हणजे ६०. यातली कोणतीही गाडी नियमातल्या गतिरोधकावर घासणार नाही.

घासते ती गल्लीतल्या उंचवट्यावर. डांबर उरलं म्हणून टाकलेला, अर्धा मीटर रुंद आणि १५ सेंमी उंच. त्यावर पोट आलं की चारही चाकं सपाटीवर असतात, म्हणजे अख्खे १५ सेंमी थेट पोटाखाली. ११-१२ सेंमी क्लिअरन्सची (पोट जमिनीपासून तेवढंच वर असलेली) गाडी तिथे टेकणारच, वेग कितीही कमी ठेवा.

फ्रंट लिफ्टबद्दल बराच गैरसमज आहे. ९९२ ला ती ऑप्शन होती. ३५ किमी वेगापर्यंत पुढचं नाक साधारण ४० मिमी वर जातं, आणि ठिकाण एकदा जीपीएसवर साठवलं की तिथे आपोआप उचललं जातं. गेटचा चढ, बेसमेंटचा रॅम्प यासाठी उत्तम. पण मागचा ॲक्सल (मागच्या चाकांचा आस) जागेवरच राहतो, त्यामुळे पोटाच्या मध्यावर त्यातले जेमतेम निम्मे मिळतात. १५ सेंमीच्या ढिगाऱ्याला लिफ्ट पुरत नाही.

घाटमाथा
तिरकी घ्यायची. एकेक चाक चढतं, म्हणजे पोट उंचवट्यावर येतं तेव्हा एखादं चाक तरी वर असतं. मात्र मागून येणाऱ्या दुचाकीला ती वळणाची खूण वाटते आणि तो मोकळ्या बाजूने घुसतो. हे करताना दोन्ही आरसे बघा.

टॉर्करेंच_११
बरोबर. आणि उंचवट्यावर चढताना ब्रेक सोडलेला हवा. ब्रेक दाबला की नाक दबतं आणि हातातले दोन सेंमी तिथेच जातात. अलीकडेच वेग मारा, ब्रेक सोडा, मग चढवा.

हळदीचंपेव
म्हणजे दोन कोटींची गाडी, आणि गल्लीत रिक्षा पुढे जाणार. चालू द्या.

घाटमाथा
टायरवर लिहितो, कारण साताऱ्यात खरा खर्च तिथे आहे.

कॅरेराला पुढे २३५/४० आर१९, मागे २९५/३५ आर२०. कॅरेरा एसला पुढे २४५/३५ आर२०, मागे ३०५/३० आर२१. साईडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची काढा, रुंदी गुणिले टक्केवारी. पुढची ९४ आणि ८६ मिमी येते. १८५/६५ आर१५ च्या साध्या हॅचबॅकला १२० मिमी. खड्ड्याच्या काठावर ही भिंत रिम आणि डांबर यांच्यात चिमटली की आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. "चालतंय की" म्हणून हायवेवर नेऊ नका, तो धावता धावता फुटतो. म्हणून ९११ घेणार असाल तर कॅरेरा एसपेक्षा साधी कॅरेरा १९-२० इंच चाकांवर घ्या. दिसायला थोडी कमी, खड्ड्यात बरीच बरी.

हवा दर पंधरा दिवसांनी, गाडी थंड असताना, दारावरच्या पट्टीप्रमाणे. पुढे-मागे आकडे वेगळे असतात. पंपावरचा माणूस चारीला सारखी मारतो, तिथे उभं राहून सांगावं लागतं. तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण दीड पीएसआय कमी होते.

पावसाआधी हवा कमी करा असा एक सल्ला फिरतो. तो उलटा आहे. टायर पाण्यावर तरंगण्याचा वेग हवेच्या वर्गमुळावर ठरतो. विमानाच्या टायरवरून आलेला जुना ठोकताळा आहे : १०.३५ गुणिले पीएसआयचं वर्गमूळ, उत्तर मैलात. ३३ पीएसआयला सुमारे ६० मैल, म्हणजे ९५ किमीच्या आसपास. हे नक्षी झिजलेल्या आणि पाणी साचलेल्या स्थितीचं. रुंद टायर त्याहून लवकर तरंगतो, कारण तेवढ्याच वजनाला जास्त पाणी बाजूला सारायचं असतं. हवा कमी केली की हा वेग आणखी खाली येतो.

कायद्याची मर्यादा १.६ मिमी नक्षीची. या रुंदीच्या टायरला जूनमध्ये ३ मिमीच्या खाली असेल तर बदला. बाजूवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. कमी फिरलेल्या गाडीत नक्षी भरपूर दिसते आणि रबर मात्र सहा वर्षांचं, कडक झालेलं निघतं.

सरळरेषा
सगळं मान्य, पण ९११ मध्ये वेट मोड येतो ना? मग एवढी भीती कशाला?

घाटमाथा
९९२ मध्ये तो स्टँडर्ड आहे. चाकाच्या कमानीतले सेन्सर उडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकतात आणि इशारा देतात, पण मोड चालकालाच निवडावा लागतो. निवडल्यावर थ्रॉटल आणि स्थिरता प्रणाली सावध होतात. टायर तरंगायला लागला की मात्र जमिनीशी संबंधच उरत नाही, मग संगणक कोणत्या चाकाचा ब्रेक दाबणार?

दुसरं, ९११ चं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे. ओल्या वळणात घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर निघतं. पसरणी घाटात हे लक्षात ठेवा. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात पाय स्थिर. केमनचं इंजिन मधोमध असल्याने ती जास्त तटस्थ, पण सुटली की झटकन सुटते. एम३४०आय चारही चाकांना ताकद देते, भिजलेल्या रस्त्यावर तीच सगळ्यात निर्धास्त. फक्त, ताकद चारी चाकांना म्हणून गाडी थांबतेही लवकर असं काही नाही. थांबताना तिन्ही गाड्यांना चारच चाकं असतात.

टॉर्करेंच_११
ब्रेकवर दोन गोष्टी.

एक, ऑइल. डॉट ४ ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर किमान १५५. यवतेश्वरावरून किंवा पाचगणीहून वाईला उतरताना सतत पाय ठेवला की कॅलिपरमधल्या (डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागातल्या) ऑइलमध्ये वाफ धरते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी किती फिरली याला महत्त्व नाही. जुनी गाडी घेताना बिल दाखवलं नाही तर बदललं नाही असं धरा. उतरताना गिअर मॅन्युअलमध्ये दुसरा-तिसरा धरा. ब्रेक एकदा ठाम दाबून सोडायचा, चोळत बसायचं नाही.

दोन, सिरॅमिक डिस्क. पोर्शेत पिवळे कॅलिपर दिसले की त्या. शहरी वापराला यांची गरज नाही आणि डिस्क बदलायची वेळ आली तर खर्च डोळे फिरवतो. लोखंडी डिस्क पावसात रात्रभर उभी राहिली की तांबूस होते, सकाळी चारपाच ब्रेकमध्ये साफ. तो बिघाड नाही.

उसाचंपाचट
तुम्ही सगळे गाडीच्या आतून बघताय. बाहेरून बघा जरा. गाळप हंगामात, नोव्हेंबर ते मार्च, रात्री कराड-सातारा पट्ट्यात दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर वीस किमीने चाललेला असतो. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर चिखलाखाली, आणि उसाची टोकं ट्रॉलीबाहेर मीटरभर. साध्या गाडीचं बॉनेट तरी आधी लागतं. या बुटक्या गाडीत ट्रॉलीचा साटा थेट काचेच्या उंचीला येतो. एअरबॅग, क्रंपल झोन (धडकेत चेपून धक्का गिळणारा भाग) सगळं त्याच्या खालून निघून जातं.

टॉर्करेंच_११
+१. यावर आकडे बघा. १०० किमी वेगाला दीड सेकंद भान यायला, त्यात ४२ मीटर गेले. चांगले टायर असलेली स्पोर्ट्स कार कोरड्यावर पुढे ३६ मीटरच्या आसपास थांबते, साधी गाडी ४९ च्या. सगळ्या महागड्या ब्रेकची कमाई १३ मीटर. ओल्यावर दोघींनाही ६०-६५ धरा. आता हीच स्पोर्ट्स कार १४० ला : भान ५८, ब्रेक ७०, एकूण १२८ मीटर. लो बीममध्ये बिनदिव्याची ट्रॉली तेवढ्यावरून दिसत नाही. कमावलेले १३ मीटर वेग ११० च्या जरा पुढे गेला की संपतात.

आणि मागचा ट्रक. तुम्ही ३६ मीटरमध्ये थांबलात म्हणून तो थांबणार नाही. जोरात ब्रेक दाबायच्या आधी आरसा बघायची सवय या गाडीत जास्त लागते. खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून पुण्याकडे बाहेर पडल्यावर उतारावर जे एस वळण आहे, तिथे मागे कंटेनर असताना एकदम ब्रेक नको. आधीच अंतर सोडा.

बुटक्या गाडीचं आणखी एक : ट्रकच्या दाराच्या आरशात ती दिसतच नाही. ट्रकच्या डाव्या कुशीत रेंगाळू नका, दिवसाही दिवे लावा.

सरळरेषा
क्रॅश टेस्टचे तारे किती आहेत यांना?

टॉर्करेंच_११
९११ ला युरो एनकॅपचे (युरोपातल्या क्रॅश टेस्ट संस्थेचे) तारे नाहीत. कमी खपाच्या गाड्या तिथे क्वचितच जातात. तारे नाहीत म्हणजे कमकुवत असं नव्हे, आणि महाग म्हणजे मजबूत असंही नव्हे. फोर्ड मस्टँगला जानेवारी २०१७ मध्ये युरो एनकॅपने दोनच तारे दिले होते. सुधारणा करून त्याच वर्षी तीन झाले. उलट बीएमडब्ल्यू झेड४ ने २०१९ मध्ये पाच घेतले. ज्या सेदानवर एम३४०आय बेतली आहे त्या थ्री सिरीजलाही २०१९ मध्ये पाच.

आईसाहेब_वाई
लहान मूल असेल तर? हे कोणी बोललंच नाही.

टॉर्करेंच_११
ताई, महत्त्वाचं विचारलंत. केमनला दोनच सीट, म्हणजे मुलाची सीट पुढेच येणार. मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट चालू एअरबॅगसमोर कधीच लावायची नाही, एअरबॅग उघडली तर फटका थेट बाळाच्या डोक्यामागे बसतो. पॅसेंजर एअरबॅग बंद करायची सोय त्या विशिष्ट गाडीत आहे का, घेण्यापूर्वी बघा, आणि बंद केल्यावर डॅशवरचा दिवा लागतो का तेही. ९११ च्या मागच्या दोन सीटवर मोठं माणूस बसत नाही, पण मुलाची सीट बसते. तरी सीट प्रत्यक्ष नेऊन लावून बघा, पुढच्या सीटची पाठ आड येते. एम३४०आयमध्ये हा प्रश्नच नाही.

सामान : ९११ च्या पुढच्या डिकीत १३२ लिटर, म्हणजे एक केबिन बॅग आणि वर एखादी मऊ पिशवी. मागच्या सीट पाडून आणखी मावतं. केमनला पुढे १५० आणि मागे २७५ लिटर, पण मागच्या भागाला इंजिनची ऊब लागते. कंदी पेढे तिथे ठेवू नका.

कृष्णाकाठ
सांगलीहून. आमच्याकडे स्पीडब्रेकरपेक्षा पाण्याचा विषय मोठा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर सांगायला नको. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. साध्या गाडीवाले ४० ची वाट बघतात. बुटक्या गाडीवाल्याने कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की त्याच दिवशी बेसमेंटमधून गाडी काढून विश्रामबागेच्या पुढे उंचावर न्यावी. फ्लॅटबेड (गाडी पाठीवर घेऊन नेणारा ट्रक) नंतर मिळत नाही.

साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या सर्वंकष विम्यात हे नुकसान बहुधा नाकारतात, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कलम घ्यावं लागतं. त्यातही स्टार्टर मारल्याचं निघालं तर वाद होतो. झिरो डेप्रिसिएशन (घसारा न कापता भरपाई) आणि टायर-रिम कव्हरही घ्या, इथल्या रस्त्यांना टायरचं कव्हर वसूल होतं.

वळणवेडा
सगळ्यांचे आभार. पंक्चर आणि टोइंगचं काय? साताऱ्यात कोण हात लावेल?

टॉर्करेंच_११
यातल्या बहुतेक गाड्यांना स्टेपनी नसते. डिकीत सीलंटची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर. सीलंट भरलं की ८० च्या आत चालवून दुकान गाठायचं. बाटलीवर मुदत छापलेली असते, जुन्या गाडीत ती हमखास उलटलेली. खिळा नक्षीच्या मधल्या भागात असेल तर आतून पॅच होतो. खांद्यावर किंवा साईडवॉलला असेल तर टायर गेला. सातारा-कराडला हे माप शेल्फवर मिळेल या भरवशावर राहू नका, मागवायला दोनतीन दिवस धरा. पोर्शेच्या टायरवर एन०, एन१ अशी (पोर्शेने मान्य केल्याची) खूण असते, एकाच ॲक्सलवर दोन वेगळ्या खुणा नकोत. एम३४०आयला एक टायर गेला आणि बाकीचे बरेच झिजलेले असतील तर चारही बदलावे लागू शकतात. घेर वेगळा पडला की ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारा भाग) रोज भांडत राहते.

चाकाचे बोल्ट गनने ठोकू देऊ नका. ९११ चे व्हील बोल्ट १६० न्यूटन मीटरला, टॉर्क रेंचने. मधोमध एकच मोठा नट असलेली गाडी (जीटी३ वगैरे) ६०० ला. तो रेंच कोपऱ्यावरच्या दुकानात नसतो.

टोइंग फक्त फ्लॅटबेडवर. दोन चाकं हवेत धरून ओढायची नाही. चालकाला फोनवरच सांगा : बुटकी गाडी आहे, दोन लांब लाकडी फळ्या आण. फळ्यांशिवाय पुढचा बंपर रॅम्पच्या कडेला फुटतो. बंपरमधल्या झाकणामागे टो हुकची आटे असलेली जागा असते, हुक टूलकिटमध्ये. पट्टे टायरवरून घ्यायचे, सस्पेन्शनच्या आर्मला हुक अडकवू द्यायचा नाही.

घाटमाथा
बॅटरीचंही सांगून टाका. आठवडाभर उभी राहिली की या गाड्या बॅटरी उतरवतात.

टॉर्करेंच_११
९११ मध्ये गंमत आहे. बॅटरी पुढच्या डिकीत, आणि डिकी विजेवर उघडते. बॅटरी मेली की डिकी बंद. पुढच्या सीटच्या पायाजवळ फ्यूज बॉक्स असतो, त्यात ओढून बाहेर येणारं लाल टोक आहे. त्याला बाहेरच्या १२ व्होल्टचा पॉझिटिव्ह, निगेटिव्ह दाराच्या लॉकच्या धातूच्या कडीला, आणि मग किल्लीने डिकी उघडायची. यातून इंजिन स्टार्ट करायचं नाही, फक्त डिकी. अलार्म वाजेल, घाबरू नका. जास्त दिवस उभी ठेवणार असाल तर बॅटरीच्या जातीला चालणारा ट्रिकल (हळूहळू चार्ज करत राहणारा) चार्जर लावून ठेवा. टाकीही भरलेली ठेवा, इथेनॉलचं पेट्रोल अर्ध्या टाकीत महिनोन्‌महिने राहिलं की हवेतली ओल धरतं.

उसाचंपाचट
माझ्या नावाचा विषय राहिलाच. ९११ आणि केमनचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात. हंगामात रस्त्यावर उडणारं पाचट, शिवाय पाला, पिशव्या, सगळं तिथे जाऊन बसतं. भिजतं, कुजतं आणि एसीचा कंडेन्सर गंजतो. एसी कमी पडायला लागला की लोक गॅस भरतात, मूळ कचरा तसाच. हंगाम संपला की एप्रिलमध्ये आणि पाऊस संपला की ऑक्टोबरमध्ये जाळीतून व्हॅक्यूम आणि मऊ ब्रशने काढा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पाती वाकतात.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा आधी टॉर्चने इथेच बघा. मग लिफ्टवर चढवून खालचे प्लास्टिक ट्रे : ओरखडे चालतील, पण स्क्रूच्या जागी केबल टाय दिसले तर खाली काय झालं ते विचारा.

सरळरेषा
मग निकाल काय? मी एम३४०आय म्हणतो.

घाटमाथा
घरात दुसरी गाडी नसती तर मीही. ती आहे, म्हणून केमन. पण गल्ली बघून.

टॉर्करेंच_११
गल्ली मोजता येते. ९ सेंमीचे दोन ठोकळे घ्या (११ मधले दोन सेंमी माणसं आणि स्प्रिंग दबण्यासाठी सोडा). २.४५ मीटर अंतरावर ठेवून त्यांच्या माथ्यावरून सुतळी ताणा. ही जोडी गतिरोधकावरून थोडी थोडी पुढे सरकवत न्या. सुतळी टेकली तिथे पोट टेकणार. एम३४०आयसाठी अंतर २.८५ करा.

वळणवेडा
आज सकाळी मोजलं. गोडोलीतल्या रस्त्यावरच्या दोन्हींवर सुटली. सोसायटीच्या दारातल्यावर चांगली टेकली. १४ सेंमी उंच, ७० सेंमी रुंद.

टॉर्करेंच_११
तो सोसायटीचा स्वतःचा आहे, म्हणजे हातातला आहे. वरचे चार सेंमी काढायचे आणि दोन्ही बाजूंना उतार वाढवत रुंदी ३.७ मीटरवर न्यायची. गेटच्या आत तेवढी जागा आहे का, ते आधी टेपने बघा. जागा नसेल तर उंची ७ सेंमीवर आणा. सुतळीला दोन सेंमी मोकळे राहतील.